चार अंडी, टोके खाली

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर पेन हातात आले ते सही करायला, नाहीतर गिरणीत द्यायच्या डब्यावर नाव टाकायला. ऱ्हस्व काय, दीर्घ काय, मला सांगता येत नाही. कानाला वाटते तसे लिहिते. ओळी वर चढतात, मग एकदम खाली उतरतात. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही, पण वही कधीतरी कुणाच्या हाती लागतेच. ज्याच्या हाती लागेल त्याने चुका पोटात घालाव्यात.

वही खरे तर माझी नाही. पक्षी पाहायला येणाऱ्या मॅडमनी दिलेली आहे. पुढच्या पानांवर नुसत्या रेघा आहेत: आज किती पक्षी, किती घरटी, काही त्रास झाला का. मागची पाने कोरी राहिली. मॅडम म्हणाल्या, ठेवा तुमच्याकडेच. म्हणून मागून लिहायला घेतले.

हुडकेश्वरच्या पुढे, शेतांचे ले-आऊट होत होत जिथे थकले, तिथे आमचा तलाव आहे. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खाली आमची मासे धरणाऱ्यांची चार घरे. नवरा पहाटे जाळे काढतो, पावसाळ्यात आम्ही शिंगाडा लावतो. होळी झाली की पाणी मागे जायला लागते आणि वैशाखापर्यंत अर्धा तलाव नुसती जमीन होऊन जातो. मुरूम, भेगा पडलेला गाळ, पांढरे शिंपले. बाहेरच्या माणसाला ती जागा रिकामी वाटते. तिच्यावर टिटव्या अंडी घालतात.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पाहते आहे, पण पाहते असे मला वाटत नव्हते. धुणे धुताना समोर असतात, इतकेच. मॅडम आणि त्यांचे पाच-सहा लोक रविवारी यायचे, गळ्यात दुर्बिणी घालून. तासन्‌तास उभे राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. मला ते बरे वाटायचे. मला लोकांसमोर बोलता येत नाही, लहानपणापासून. बोलावे लागत नाही अशी माणसे मी पहिल्यांदाच पाहिली.

एकदा मॅडम पाण्याकडे पाहत मागे मागे सरकत होत्या. मी भांडी घासत होते. त्यांची टाच कुठे पडणार ते मला दिसले आणि तोंडातून निघून गेले, "पाय!"

त्या तिथेच थांबल्या. टाचेच्या मागे वीतभर अंतरावर तीन अंडी होती, बोराएवढी नाही, पण बोराहून फार मोठीही नाहीत, खड्यांसारखी. त्या खाली बसल्या. मग माझ्याकडे पाहिले.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"आणखी आहेत?"

मी हाताने दाखवले. तिथे, तिथे आणि तिथे.

ती अंडी घालणारे लहान पाखरू, ज्याच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत घातल्यासारखा पट्टा असतो, त्याचे नाव कंठेरी चिखल्या हे मला त्या दिवशी कळले. आम्ही त्याला नावच दिले नव्हते. जवळ गेले की ते पंख मोडल्यासारखे करते, लंगडत लंगडत दूर नेते. इतकी वर्षे मला वाटायचे ह्या पाखरांना काही रोग आहे.

पुढच्या वर्षी पाणी उतरायला लागले तसे मॅडम घरी आल्या. त्यांच्या लोकांनी वर्गणी काढली होती. दोन महिने राखण करायची. सकाळी आणि संध्याकाळी काठावर बसायचे, कुत्री-शेळ्या हाकलायच्या, गाड्या येऊ द्यायच्या नाहीत, कुणाला जवळ जाऊ द्यायचे नाही आणि वहीत लिहायचे. दोन महिन्यांचे सहा हजार. मॅडमना मुलीकडे पुण्याला जायचे होते, बाळंतपणाला, म्हणून सगळे पैसे आधीच दिले.

मी म्हटले, मला लिहिता येत नाही.

"रेघा तर ओढता येतात ना? एका पक्ष्याची एक रेघ. आणि त्रास झाला तर एक-दोन शब्द. काही नाही झालं तर 'काही नाही' लिहा."

नवऱ्याला खूप हसू आले. "पाखरं पाह्याचे पैसे! अवं, मी इतके वर्स फुकटच पाह्यत राह्यलो." पण त्याच पैशांनी घरावर नवे पत्रे टाकले, तेव्हा हसला नाही.

काठावर एक बाभूळ आहे, तिच्याखाली बसायची. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, नवऱ्याच्या मासळीची निवड, आणि मग तिथे. अकरा वाजले की घरी, चार वाजले की परत. दुपारी कुणी येत नाही. त्या उन्हात कुत्रेही सावली सोडत नाही. लोकांना वाटते बसण्यात काय मेहनत आहे. बसून पाठ जास्त दुखते. डोळ्यांत मुरमाची चमक भरायची आणि घरात आल्यावर थोडा वेळ काही दिसायचे नाही. अंगातून काहीतरी कमी कमी होत जायचे, तलावासारखे.

पाच घरटी होती. पाळीजवळ एक टिटवीचे, एक चिखल्याचे. मधल्या उंचवट्यावर तीन: दोन टिटव्या, एक चिखल्या. घरटी म्हणायची तेवढेच. जमिनीत खळगा, भोवती चार खडे.

पाण्याच्या टँकरचा रस्ता त्या उंचवट्यावरून जायचा. पहिल्या दिवशी टँकर आला तशी मी उठून रस्त्यात उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी उभीच.

"काय झालं वं बाई? मराले दुसरी गाडी नाही भेटली?"

मी बोट दाखवले.

"काय हाय तिकडं? गोटे? ... अंडे? अंड्यासाठी गाडी वळवू का मी?" थोडा वेळ वाट पाहून तो म्हणाला, "बोल तं सही काही!"

मी उभीच राहिले. शेवटी त्याने शिव्या देत गाडी मागे घेतली आणि पाळीवरून फिरवून नेली. दुसऱ्या दिवशी आपणच तिकडून गेला. जाताना ओरडला, "उबवून झाले का तुह्ये अंडे?" तिसऱ्या दिवशीही ओरडला. मला राग आला नाही. उलट वाटले, जमते मला.

त्या महिन्यात मी एक गोष्ट पाहिली. ऊन चढले की टिटवी अंड्यांवरून उठते, पाण्यात जाते, पोट बुडवते आणि ओल्या पोटाने परत येऊन बसते. दिवसातून किती खेपा. नर आला की मादी जाते, मादी आली की नर जातो. अंडी ऊब देऊन वाढवतात एवढे मला माहीत होते. आपल्याकडच्या उन्हात ती थंड ठेवावी लागतात हे मी पहिल्यांदा पाहिले. वहीत ते कसे लिहायचे ते कळेना, म्हणून चार थेंब काढले.

आता भासऱ्यांचे लिहिते.

नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, भिवापूरकडे शेती करतात. मिरची आहे, सोयाबीन आहे, गावात मान आहे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर जायचे नाही, डोक्यावर पदर हवा, आणि बोलायचे तर मुळीच नाही. निरोप असला तर नवऱ्याच्या तोंडून. इतक्या वर्षांत त्यांचे-माझे एक वाक्य झालेले नाही. मला त्याचा त्रास नव्हता. बोलायला लागत नाही असे आणखी एक माणूस, एवढेच.

दर वर्षी वैशाखात त्यांचा फोन येतो. टिटवीने किती अंडी घातली? चार घातली तर चार महिने पाऊस, तीन घातली तर तीन. उंचवट्यावर घातली तर पाणी जास्त, खोलगट जागी घातली तर कमी. आणि अंड्यांची टोके खाली असली तर पाऊस जमिनीत मुरणारा. त्यांच्या गावात हे विचारल्याशिवाय बियाणे घेत नाहीत. दर वर्षी नवरा काहीतरी ठोकून द्यायचा. ह्या वर्षी फोन कानाला धरूनच तो मोठ्याने म्हणाला, "अंदाजे काहून सांगू दादा? औंदा घरातलंच मानूस राखनीवर हाय." आणि माझ्याकडे वळून, "सांग वं, किती?"

मी चुलीजवळून म्हटले, "चार. टोकं खाली. उंचवट्यावर हाय."

त्याने ते फोनमध्ये सांगितले. पलीकडून भासरे काय म्हणाले ते मला ऐकू आले, कारण ते फोनवरही शेतातल्यासारखे बोलतात. "थिनं सोताच्या डोयानं पाह्यलं का? मंग पक्कं."

मला बरे वाटले. हे लपवून काय उपयोग? त्या घरात माझ्या शब्दाला पहिल्यांदा काही वजन आले होते. संध्याकाळी काठावर बसले तेव्हाही मी तेच आठवत होते.

आठवड्याने त्यांच्या नात्यातले एक लग्न हुडकेश्वरच्या सभागृहात लागले. आम्हीही गेलो. जेवणे आटोपली तेव्हा एक वाजला असेल. मी परत येऊन पत्र्याखाली जरा पडले होते. मेटाडोरचा आवाज आला. उठून पाहिले तर भासरे पुढच्या सीटवरून उतरत होते आणि मागून वऱ्हाड. वीस माणसे तरी असतील. फेटे, जरीच्या साड्या, चमकीचे कपडे घातलेली पोरे. गावी परतता परतता वाटेत टिटवीची अंडी पाहून जायचे ठरले होते.

मी पदर घेऊन आत झाले. नवरा त्यांना घेऊन पाळीवर चढला.

मी मागून गेले, पण बाभळीच्या पुढे जाता येईना, कारण पुढे भासरे होते. टिटव्या उठल्या. दोन्ही जोड्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागल्या. चिखल्या पंख मोडल्यासारखा करून लंगडत होता आणि पोरे त्याच्या मागे पळत होती. माणसे उंचवट्यावर जाऊन गोल उभी राहिली.

"अवं माय, हे तं गोटेच हाय!"

"गोटे नाही वं, अंडे हाय. ठिपके पाह्य नं."

"कोनी हात नोका लावा," भासरे म्हणाले. ते खरे. कुणीही हात लावला नाही. सगळे नीट वागले.

एक म्हातारा उकिडवा बसून पाहत होता. "टोकं खाली कोठी हाय गा? टोकं आतमधी हाय."

"आतमधी म्हंजे खालीच समजा नं, बुवा."

"खाली म्हंजे खाली, आतमधी म्हंजे आतमधी. आतमधी असलं का मधला एक महिना कोरडा जाते."

"कोनं सांगतलं? टिटवीनं सांगतलं का तुमाले?"

हशा झाला. म्हातारा चिडला. त्याचे म्हणणे असे की त्याच्या बापाने कधी चुकीचे सांगितले नाही. दुसरा म्हणाला, तुमच्या बापाची विहीर काहून आटली मग? पुन्हा हशा. वादाला रंग चढला.

वीस माणसे भोवती उभी होती म्हणून त्यांची सावली तरी अंड्यांवर पडत होती. एक मुलगी मोबाईल काढून वाकली आणि म्हणाली, "हटा नं बाप्पा तुम्ही! सावली पडून राह्यली, फोटो काळा येऊन राह्यला." सगळे कौतुकाने मागे सरले. अंड्यांवर ऊन पडले.

टिटव्या वर ओरडत होत्या. नवरा बाभळीजवळून गेला तेव्हा मी त्याचा सदरा धरला.

"त्याइले चला म्हना. टिटव्या बसल्या नाही तं अंडे शिजते."

"आता कसं म्हनू वं? लग्नाचे पाहुने हाय. पाहतीन आन जातीन."

"अर्धा तास झाला."

"दादा हाय तिथं. मी म्हनू दादाले, चालते व्हा?"

मी त्या जागेवर उभी राहिले. बोलायचे म्हटले तर वीस पावलांवर भासरे होते. टँकरसमोर उभी राहिले तशी जाऊन मध्ये उभी राहू शकले असते. ते मला तेव्हाही सुचले होते, आता सुचलेले नाही. पण पाय गेले नाहीत. ड्रायव्हर परका माणूस होता. परक्यासमोर बेअब्रू झाली तर त्याच्यासोबत निघून जाते.

मग मला वाटले युक्ती सुचली. पाहुण्यांना चहा दिल्याशिवाय कसे पाठवणार? चहा घरी ठेवला तर सगळे घरी येतील, काठ मोकळा होईल. मी धावत आले. वीस माणसांचा चहा म्हणजे मोठे पातेले; दूध पुरेना म्हणून शेजारून आणले. आले ठेचले. गॅसवर वेळ लागतो म्हणून चूलही पेटवली. त्या उन्हात दोन जाळांमध्ये उभी राहून मी चहा केला आणि पाहुण्यांना बोलवायला नवऱ्याला निरोप पाठवला.

नवरा एकटा आला. "दादा म्हनते, इथंच आना. तलावाची हवा हाय."

त्याने पातेले उचलले, शेजाऱ्याने कप घेतले, आणि माझा चहा पाळीवरून उंचवट्यावर गेला.

त्यांनी सावकाश घेतला. कुणीतरी दुसऱ्यांदा मागितला. मी दारातून पाहत होते. मेटाडोर सुटला तेव्हा घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी गेले तोवर टिटवी आली होती. पोट ओले करून बसली. पिसांतून पाणी टपकत होते. दुसरीही आली. चिखल्याही आला. सगळे पहिल्यासारखे दिसत होते. अंडी तशीच, चार, टोके खाली, एकावरही ओरखडा नाही. भोवती चपलांचे ठसे आणि एक प्लास्टिकचा कप. कप मी उचलला.

संध्याकाळी वही काढली. पक्ष्यांच्या रेघा ओढल्या. घरट्यांच्या पाच रेघा ओढल्या. त्रासाच्या जागी पेन ठेवले. लिहायचे म्हटले तर भासऱ्यांचे लिहावे लागणार, आणि ते का आले तेही. मी लिहिले, "काही नाही."

तेवढे दोन शब्द मात्र सुंदर अक्षरात आले होते.

पाळीजवळच्या चिखल्याची अंडी फुटून पिल्ले निघाली. कापसाच्या बोंडासारखी, पाय म्हणजे नुसत्या काड्या. पाळीजवळच्या टिटवीचीही चार पिल्ले निघाली आणि त्याच दिवशी आईमागे चालायला लागली. मी अठ्ठावीस दिवस मोजायचे असे मॅडमनी सांगितले होते. मधल्या टिटवीचे अठ्ठावीस झाले. तीस झाले. ती बसलेलीच. पोट भिजवून येते, बसते. पस्तीस झाले. दुसरी टिटवी एका सकाळी बसली नाही, दूर उभी राहून पाहत राहिली, आणि कावळ्यांनी अंडी नेली. तिने हाकललेही नाही. मधला चिखल्या त्याच्या आधीच निघून गेला होता.

पण ही पहिली बसलेलीच. मला तिच्यासमोर बसवेना. मी बाभळीच्या दुसऱ्या बाजूला, पाठ करून बसायला लागले. राखण चालू होती म्हणून जायचे. मॅडमचा फोन आला की नवरा सांगायचा, सारं ठीक हाय. वहीतही रोज तेच.

मॅडम परत आल्या त्या दिवशी सरळ काठावर आल्या. नातू झाला म्हणून पेढे आणले होते. मी पेढा हातात धरून उभी. त्यांनी दुर्बीण लावली.

"ही अजून बसलीय? किती दिवस झाले?"

"एकेचाळीस," मी म्हटले.

त्या जवळ गेल्या. टिटवी उठली, पण ओरडली नाही. मॅडमनी एक अंडे उचलले, तळव्यावर तोलले, कानाशी नेऊन हळूच हलवले आणि परत ठेवले.

"उन्हानं गेली. कोणीतरी बराच वेळ उठवून ठेवलं असेल." वहीची पाने उलटली. "पण इथे तर काही नाही."

मी बोलणार नव्हते. पण त्या पुढे काही विचारेनात. नुसत्या वही धरून उभ्या राहिल्या, रविवारी उभ्या राहायच्या तशा, आणि मला ते सहन झाले नाही. मी सगळे सांगितले. फोन, लग्न, मेटाडोर, फोटो, चहा. आयुष्यात मी एका दमात इतके बोलले नव्हते. मध्येच माझी भाषा मला ऐकू येत होती आणि लाज वाटत होती, पण थांबता येईना.

त्या मुरमावर बसल्या. साडी खराब होईल हे सांगायचेही मला सुचले नाही.

"मला फोन का नाही केला?"

"काय सांगू जी?"

त्यांनी रागावायला हवे होते. त्या दमलेल्या दिसल्या, प्रवासाने असेल.

"पैसे परत देतो मी," मी म्हटले.

"अहो, पैशाचं काय काढता? दोन महिने उन्हात बसलात तुम्ही. दोन घरटी निघाली ना? तुम्ही नसता तर कुत्र्यांनी तीही नेली असती."

"नाही जी."

"माझं ऐका—"

"नाही जी. देतो."

अंडी उन्हाने गेली आणि वऱ्हाडाने गेली, हे मला कळत होते. तेवढेच असते तर मी पैसे ठेवले असते. पत्रे बसले होते, ते काही काढून देता येणार नव्हते. पण मला राखणीचे आणि लिहिण्याचे पैसे दिले होते, आणि लिहिलेले खोटे होते. चौथी शिकलेल्या बाईवर कुणी वही सोपवत नाही. एकदा सोपवली आणि मी तिच्यात वीस वेळा खोटे लिहिले. त्याबद्दल मला कुणी काही बोलले नाही, म्हणून ते अंगावरच राहिले.

टिटवी आणखी तीन दिवस बसली. मग एक दिवस नव्हती.

नवऱ्याला सांगितले तेव्हा तो आधी समजला नाही. समजल्यावर म्हणाला, "लोकं बँकेचे बुडवते, आन हे बाई टिटवीचे फेडून राह्यली!" शेजारच्या घरी सांगितले. त्यांनीही हसून घेतले. पुढे कितीतरी दिवस कुणी विचारायचे, किती राह्यले वं टिटवीचे? मी बोटे दाखवायची.

शिंगाड्यात फेडायचे ठरवले होते. त्या वर्षी शिंगाडा बेताचाच झाला. पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून तोडायचा, घरी उकडायचा, चौकात घेऊन बसायचा. काटे बोटांत जातात आणि उकडलेल्या सालीने हात काळे होतात, ते काळेपण होळीपर्यंत जात नाही. घरखर्च वगळून महिन्याला पाचशे निघायचे, कधी तेही नाही. थंडीत एका सभागृहात लग्नांनंतर भांडी घासायला गेले. पाठ तेव्हापासून सरळ होत नाही. पाचशे जमले की मॅडम रविवारी येतील तेव्हा द्यायचे. दर वेळी त्या नको म्हणायच्या, दर वेळी मी नोट त्यांच्या दुर्बिणीच्या पिशवीवर ठेवायची. मग आम्ही दोघी पाण्याकडे पाहत उभ्या राहायचो. दोन-तीनदा त्यांनी मला दुर्बीण दिली. शेकाट्याचे, त्या उंच पायांच्या पाखराचे, लाल पाय इतके जवळ आले की मी हात पुढे केला.

पाऊस त्या वर्षी कसा झाला ते मला नीट आठवत नाही. झाला होता.

पुन्हा पाणी उतरले, पुन्हा अंडी आली. मॅडमनी राखणीचे विचारले. मी म्हटले बसते, पण पैसे नको, मागचे फिटू द्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक छत्री आणून दिली, ती मी घेतली. वैशाखात भासऱ्यांचा फोन आला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले.

"माहीत नाही म्हना," मी म्हटले.

"काहून? तू तं रोज बसून राह्यली तिथं."

"सांगत नाही म्हना मंग."

त्याने फोनवर हात ठेवला. मग बाहेर जाऊन काहीतरी बोलला. काय ते मी विचारले नाही. भासरे त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. पोळ्याला बोलावले नाही, दिवाळीला मिरचीची पिशवी यायची ती आली नाही. नवरा चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही आणि पाचव्या दिवशी भाजीत मीठ जास्त झाले म्हणून एकदम खूप बोलला. मी ऐकून घेतले. वर्षाची मिरची विकत घ्यावी लागली आणि त्यात एका महिन्याचे पाचशे गेले, म्हणून फेड एक महिना लांबली.

वहीत त्या वर्षी त्रासाच्या जागी मी सगळे लिहिले. कुत्रा, दोनदा. मुरमाचा ट्रक. क्रिकेटचा चेंडू. एके दिवशी "मी झोपले, अर्धा तास" असेही लिहिले. मॅडम ते वाचून हसल्या. मला हसण्यासारखे काय ते कळले नाही.

सहापैकी चार घरटी निघाली. दोन का गेली ते कळले नाही. कुणी आले नव्हते, मी तिथेच होते.

शिंगाडा पुन्हा आला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मॅडम एकट्याच आल्या. बाकीचे लोक दुसऱ्या तलावावर गेले होते. बदकांना अजून उशीर होता, पाणी रिकामेच होते. मी पाचशेची नोट काढली. हातांचा काळा रंग नोटेला लागला होता तो पदराने पुसला, तरी थोडा राहिला.

"ही शेवटची," मी म्हटले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. या वेळी नको म्हणाल्या नाहीत. नोट घेतली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली. सहा हजार पूर्ण झाले.